बल्ब तपासायला काय वापरावं: मल्टिमीटर, सिरीज लॅम्प की चालू होल्डर?

तुमच्याकडे तारेचे बल्ब (आतली बारीक तार तापून उजेड देणारे जुने) जास्त आहेत की एलईडी, यावर साधन ठरवा.

तारेच्या बल्बला मल्टिमीटरच घ्या, म्हणजे विजेचा अडथळा (ओहममध्ये) मोजणारा छोटा मीटर. मीटरला मेनची वीज लागत नाही, त्यामुळे शॉकची भीती नाही. बल्ब काढून पूर्ण गार होऊ द्या. पिनचा बल्ब असेल तर बुडाच्या दोन डाखाच्या ठिपक्यांवर एकेक प्रोब (मीटरच्या वायरची टोकदार सळई) टेकवा. आट्यांचा असेल तर एक प्रोब टोकाच्या ठिपक्यावर, दुसरा आट्यांवर. जोड सलग असला की वाजणाऱ्या मीटरच्या बझरवर मात्र विसंबू नका. बऱ्याच मीटरांचा बझर साधारण 30 ते 50 ओहमच्या आतच वाजतो. 230 व्होल्टचा 60 वॉटचा बल्ब पेटल्यावर सुमारे 880 ओहम असतो, पण गार असताना 60-70 च्या आसपास. म्हणजे बझर गप्प, आणि चांगला बल्ब कचऱ्यात! त्यापेक्षा 200 ओहमची रेंज लावा. 15 वॉटचा बल्ब याही रेंजच्या बाहेर जातो, त्याला 2000 ची लागते. तिथेही नुसता 1 किंवा ओएल (OL, म्हणजे रेंजच्या बाहेर) दिसला तर तार तुटलेली. आकडा येतो-जातो असं वाटलं तर प्रोब तसेच धरून बल्ब हलकेच हलवा: तुटलेली टोकं एकमेकांना चिकटून फसवतात.

एलईडीपुढे मात्र मीटर हतबल आहे. आत ड्रायव्हर (एलईडीला लागेल तशी वीज देणारं सर्किट) असतो, त्यामुळे चांगल्या बल्बलाही ओएल येतं, किंवा त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरत असताना आकडा चढत जातो. सीएफएलचंही तेच. त्यांना एकच भरवशाची परीक्षा: दुसरा बल्ब नीट पेटतोय अशा होल्डरमध्ये लावून पाहणं. मीटरवर ठीक ठरलेला तारेचा बल्बही आपल्या जागी पेटत नसेल, तर बहुतेक होल्डरच्या स्प्रिंगा बसलेल्या किंवा काळ्या पडलेल्या असतात. आधी मेन बंद करा, मगच होल्डरला हात लावा.

सिरीज लॅम्प म्हणजे तपासायच्या बल्बला 100 वॉटच्या तारेच्या बल्बमधून वीज देणं. त्याचा खरा उपयोग शॉर्ट ओळखायला: तपासायचा एलईडी आतून शॉर्ट असेल तर 100 वॉटचा बल्ब पूर्ण उजेड देतो आणि फ्यूज वाचतो. चांगला एलईडी स्वतः पेटतो, 100 वॉटचा काळाच राहतो. पण उघड्या टोकांवर मेनचा करंट असतो. झाकलेला होल्डर आणि स्विच जोडून तो पक्का बसवता येणार नसेल, तर घरी नकोच.