निगेशन टेस्ट: काही महिने वापरल्यावर काय वाटतं

लॉजिकल रीझनिंगमधली छुपी गृहीतकं ओळखायला बरेच जण निगेशन टेस्ट वापरा म्हणून सांगतात, म्हणजे उत्तराचा पर्याय उलटा करायचा आणि निष्कर्ष कोसळतो का बघायचं, कोसळला तर ते गृहीतक युक्तिवादाला लागतंच. काही महिने हीच वापरतोय. कामाची आहे, पण जेवढं कौतुक होतं तेवढी सोपी नाही.

एक उदाहरण घ्या. नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून तक्रारी निम्म्यावर आल्या, म्हणून ग्राहक आता जास्त खूश आहेत. पर्याय पहिला, तक्रार नोंदवणं आधीपेक्षा अवघड झालेलं नाही. दुसरा, प्रत्येक नाराज ग्राहक तक्रार करतोच. दुसरा वाचायला एकदम बरोबर वाटतो ना? आता उलटा करा: काही नाराज ग्राहक तक्रार करत नाहीत. बरं मग? असे गप्प बसणारे आधीही असतील, आताही असतील, युक्तिवादाला धक्का लागत नाही. पहिला उलटा केला की मात्र सगळंच लटकतं, कारण तक्रार करणंच अवघड झालं असेल तर आकडा त्यामुळेही खाली येऊ शकतो, ग्राहक खूश झाले असं कशावरून म्हणणार.

खरी गोची उलटं करण्यातच आहे. ‘सगळे’चं उलट ‘सगळेच नाही’, ‘एकही नाही’ नव्हे. आणि ‘काही’चं उलट ‘एकही नाही’. वरच्या दुसऱ्या पर्यायाचं उलट कोणी ‘एकही नाराज ग्राहक तक्रार करत नाही’ असं केलं तर निष्कर्ष कोसळलेला दिसतो आणि चुकीच्या पर्यायावर टिक जाते. बहुतेक जण ‘टेस्ट चालत नाही’ म्हणतात ना, तिथे टेस्टचा दोष नसतो, उलटं करताना घोळ झालेला असतो.

दुसरी अडचण वेळेची. एलसॅटमध्ये (अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) एका सेक्शनला ३५ मिनिटं आणि साधारण २५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिटसुद्धा नाही, त्यात पाचही पर्याय उलटे करत बसलात तर गेलाच प्रश्न. त्यामुळे मी आधी निष्कर्षात असा कुठला शब्द आलाय जो पुराव्यात नव्हताच ते बघतो (वर ‘खूश’, पुरावा तर फक्त तक्रारींचा), तिथेच फट असते, त्यावरून दोन-तीन पर्याय उडतात आणि उरलेल्या दोन-तीनांत निगेशन लावतो. पहिल्या पर्यायापासून टेस्ट सुरू करायचा सल्ला कोण देतं देव जाणे.

आणि हो, ‘कोणतं गृहीतक धरलं तर निष्कर्ष नक्की निघेल’ असं विचारलं असेल तर ही टेस्ट बाजूलाच ठेवा. तिथे गरजेपेक्षा भारी, अगदी टोकाचा पर्यायही बरोबर ठरू शकतो, आणि तो उलटा केला तरी युक्तिवाद कदाचित आरामात उभा राहील. तिथे पर्याय सरळ पुराव्याला जोडायचा, निष्कर्ष आपोआप निघतो का ते बघायचं. वॉटसन-ग्लेसर या क्रिटिकल थिंकिंगच्या टेस्टमधल्या गृहीतकांच्या भागात मात्र निगेशन मस्त चालते, तिथे प्रत्येक गृहीतकाला धरलंय की नाही एवढंच सांगायचं असतं, फक्त बाहेरची माहिती मध्ये आणायची नाही.