‘एकदा सोडा, आपोआप वाढतील’ म्हणत मला ९,४०० ला गंडवलं

लिहायची लाज वाटतेय, पण तो माणूस अजून जाहिराती टाकतोय म्हणून लिहितोच.

घरामागे छोटं तळं आहे, आठ बाय सहा, दोन फूट खोल. मासा एकही नाही, कारण मासे कोळंबीची पिल्लं टिकूच देत नाहीत. गोड्या पाण्यातली बारकी कोळंबी सोडायची, शेवाळ खाऊन ती आपली आपण वाढत राहील, एवढीच हौस. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, चकचकीत व्हिडिओ, ‘फक्त आज ऑफर’, क्यूआर कोड. ३०० पिल्लांचे ६,६०० आणि ‘प्रोबायोटिक’ नावाच्या पांढऱ्या पावडरचे १,३०० आधीच घेतले.

मला अडाणी समजू नका हां. महिनाभर पाणी मुरवलं, क्लोरीन उडू दिलं, शेवाळ धरू दिलं, तांबं असलेलं औषध चुकूनही टाकलं नाही कारण कोळंबीला ते विषच. माझ्याकडून काही कमी पडलं नव्हतं.

डिलिव्हरी आठवडाभर लांबली म्हणून फोन केला तर म्हणतो, “साहेब, खाऱ्या पाण्याचा टँकर आला नाही ना, बॅच मागे पडली.” आणि मी काय म्हणालो? “बरं बरं.” गोड्या पाण्यात पिल्लं काढणाऱ्या जातीला खाऱ्या पाण्याचा टँकर कशाला लागतो रे, एवढं विचारायला तोंड उघडलं नाही, उलट गाडी लवकर निघावी म्हणून पॅकिंग-डिलिव्हरीचे १,५०० तिथल्या तिथे पाठवले. आजही रात्री तो टँकर आठवतो आणि झोप उडते.

त्याने दिली ती मोठी जात. लहानपणी सगळी कोळंबी सारखीच दिसते, तुम्हीही फसला असता. महिने गेले तशा काहींच्या नांग्या लांबच लांब निळ्या झाल्या आणि कात टाकून मऊ पडलेल्या भावंडांना तीच खायला लागली. पाचव्या महिन्यात एका मादीच्या पोटाखाली नारिंगी अंडी दिसली, मी हरखून व्हिडिओ काढून त्यालाच पाठवला, वर थँक्यू! अंडी राखाडी झाली, एका रात्री टॉर्च मारला तर पाण्यात ठिपक्याएवढे जीव, उलटे, शेपूट पुढे करून पोहणारे. काही दिवसांत एकही उरला नाही. या जातीच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं, हजारी साधारण १२ भाग मीठ, महिनाभर तरी. तळ्यात त्या जगणारच नव्हत्या आणि त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विचारलं तर ब्लॉक.

घेणार असाल तर आधी अंडीवाल्या मादीचा फोटो मागा. गोड्या पाण्यातच वाढणाऱ्या बारक्या जातीची अंडी मोजकी आणि मोठी, वीस-तीस, आणि पिल्लं बाहेर येतात तीच छोट्या कोळंबीच्या रूपात. हजारो बारीक अंडी दिसली की पळा.

चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” वर बाजूच्याला हाक मारून सांगितलं, कोळंबीला पोरं होत नाहीत म्हणून तक्रार आलीय. हसले सगळे. मत्स्य विभागाच्या ऑफिसात तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, म्हणाले हे तळं नाही, डबकं आहे, नोंद नाही, आमच्यात बसत नाही. मग ऑनलाइन तक्रार, तिथे प्रकार निवडायचा तर मोबाइल, कपडे, फर्निचर, ‘इतर’ दाबलं की पान पुन्हा पहिल्यापासून. चौथ्यांदा गेली एकदाची आणि नवव्या दिवशी मेसेज, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ कोणी केलं निवारण? फोन तरी केला का कुणी?

आणि हो, पैसे अर्धेच द्या, बाकीचे पिल्लं ओळखल्यावर. पावडर-बिवडर अजिबात घेऊ नका.

३०० पैकी ११ उरलीत. काल त्याची नवी जाहिरात दिसली, ‘आमच्या ग्राहकाच्या तळ्यात अंडी!’ तळं माझंच आहे, कडेला माझी निळी बादलीसुद्धा दिसतेय.