जुन्या गाडीच्या दारातला गंज: कोणतं औषध चालतं, कोणतं नाही

मारुती ८०० घ्या, झेन घ्या, नाहीतर पद्मिनी. दाराचा गंज पहिल्यांदा दिसतो तो खालच्या कडेला, बोटभर उंचीवर, रंगाला आलेल्या फोडांमध्ये. नखाने दाबला की फोड कुरकुरतो. गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "घासून लांबी (म्हणजे पुट्टी) भरतो, रंग मारतो." त्याने एखादा पावसाळा निघतो आणि फोड पुन्हा त्याच जागी येतात, कारण हा गंज आतून बाहेर आलेला असतो. म्हणून बाजारातल्या औषधांना इथे एकच कसोटी लावली आहे: ते दाराच्या आतल्या घडीपर्यंत पोचतं का?

ही घडी म्हणजे काय, ते आधी बघू. काचेलगतचं बाहेरचं रबर सगळं पाणी अडवत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. पाणी काचेवरून दारात उतरतं आणि तळाच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडतं. बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो, आणि त्या दुमडीतली केसाएवढी फट पाणी शोषून धरते. भोकं धुळीने आणि पाल्याच्या चुऱ्याने बुजली की तळाशी ओला गाळ साचतो. अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या बाजूला त्यात खारी हवा येते. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पाऊस नसतानाही घडी धड वाळत नाही.

कुठलाही डबा विकत घेण्याआधी दार उघडून आत बघा. काच फिरवायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड (दाराचं आतलं आवरण) यांच्या मधे जुनं सुती फडकं घालून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढली की ती निसटते. उडून हरवते, तेव्हा लक्ष ठेवा. पॅडच्या प्लॅस्टिक क्लिपा जुन्या गाडीत तुटतातच, पाच-सहा जास्तीच्या आणून ठेवा. मागचा पॉलिथिनचा पडदा सावकाश सोडवा आणि परत लावताना त्याची खालची कड दाराच्या आत खोचलेली राहू द्या, नाहीतर पाणी पॅडवर आणि पायाखालच्या कार्पेटवर येतं. भोकं मोकळी करायला नायलॉनची केबल टाय उत्तम. खालून घालून फिरवली की चहाच्या चोथ्यासारखा गाळ पडतो. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर नको, भोकाच्या काठाचा रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. मग आतून साध्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस उघडं वाळू द्या.

आता औषधं. रस्ट कन्व्हर्टर सगळ्यात जास्त खपतं आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं. काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं, काहींत टॅनिक. दोन्ही गंजाचं काळपट, टिकाऊ थरात रूपांतर करतात. वरवरच्या, पातळ गंजावर काम चांगलं होतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर मात्र फक्त वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. म्हणून आधी वायर ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर. ग्राइंडरला जाड चकती लावू नका. दाराचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिमी असतो, तो तापून वाकतो किंवा पार पातळ होतो. दुसरी चूक त्याहून महाग पडते. फॉस्फोरिक आम्लाचे अवशेष न धुता वर इपॉक्सी प्रायमर मारला की तो नीट धरत नाही आणि काही महिन्यांत सालीसारखा सुटतो. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवाच, आणि लगेच वाळवा. घडीच्या कसोटीवर कन्व्हर्टर नापास: ओलसर, गाळ भरलेल्या फटीत तो शिरत नाही.

प्रायमरमध्ये रेड ऑक्साइड स्वस्त आणि कुठेही मिळणारा, पण ग्रिलला ठीक, दाराला नाही. त्याच्या थरातून ओलावा झिरपतो. दोन भागांचा इपॉक्सी घ्या, हार्डनरचं प्रमाण मापाच्या कपाने मोजा, अंदाजाने नको, आणि दोन हात द्या. पुट्टी या इपॉक्सीच्या वर भरायची, नागड्या पत्र्यावर नाही. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, त्यामुळे ती वॉटर पेपरने ओली घासणं ही आपल्याकडची सवय फार नडते. आत राहिलेलं पाणी पुढे फोड होऊन वर येतं. कोरडीच घासा. थर दोन-तीन मिमीच्या वर नको, हार्डनर १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग नव्या रंगातून वर उमटतो.

भोक पडलं असेल तर पुट्टी, फायबर, जाळी काहीच चालणार नाही. सडका पत्रा चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडावा लागतो. डेंटरला विचारा, गॅस वेल्डिंग की मिग (विजेवरचं, तार आपोआप सरकत जाणारं वेल्डिंग)? गॅसच्या आचेने दाराचा सपाट पत्रा लाटा आल्यासारखा होतो. मिगने छोटे टाके, लांब लांब अंतरावर, एक गार झाल्यावर दुसरा. काम सुरू होण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आणि दारातलं पॅड, पॉलिथिन बाहेर घेतलेलं हवं. वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळून जातो आणि तिथे परत कुणीच बघत नाही. दुरुस्त केलेली दारं लवकर सडतात त्याचं हे फार मोठं कारण आहे.

इथेच कॅव्हिटी वॅक्सचं खरं काम. थ्रीएम, वुर्थ, डिनिट्रॉल अशा कंपन्यांचं हे पातळ मेण स्प्रेच्या डब्यात मिळतं. ते घडीच्या फटीत स्वतःहून सरकतं, पाण्याला ढकलतं, मग त्यातलं द्रावण उडून जातं आणि मऊ थर मागे राहतो. डबा घेताना चारी बाजूंना फवारणारी लांब नळी सोबत आहे का, हे आधी विचारा. नळीशिवाय अर्धं दार कोरडंच राहतं. काच वर, डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं, नळी दाराच्या टोकापर्यंत घालून ओढत ओढत फवारा. काचेच्या रेल्स, स्पीकर आणि लॉकची मोटर झाकून घ्या. एका दाराला १५० ते २०० मिली धरा, दोन पातळ हातांत, मधे अर्धा तास. खाली वर्तमानपत्र पसरा. घडीच्या बाहेरच्या रेषेवर मेणाचे थेंब दिसले की ते आरपार गेलं. गळणं थांबलं की केबल टायने भोकं पुन्हा मोकळी करायची. हे विसरलात तर मेणच बूच होऊन बसतं. आमच्या लेखी दाराच्या गंजावरचा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च हाच, रंगकामापेक्षाही. फक्त मेण शेवटी. आधी मारलं तर त्यावर ना वेल्ड होतं, ना रंग धरतो.

लॅनोलीनचे, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचे, स्प्रे त्याहूनही चांगले झिरपतात, पण ते वाळत नाहीत, दरवर्षी परत मारावे लागतात आणि काही रबरं त्याने फुगतात.

दारात डांबरी अंडरबॉडी कोटिंग मात्र मुळीच नको. ते जाड बसतं, भोकं बुजवतं, पुढे तडकतं आणि तडकलेल्या थरामागे पाणी अडकून पडतं. जळकं ऑइलही नको, त्यातली आम्लं आणि खनिज तेल रबरं खातात. सर्व्हिस सेंटरच्या 'अँटी-रस्ट' पॅकेजमध्ये बहुतेक वेळा चॅसिसच्या खालीच फवारणी असते. दाराचं पॅड उघडणार का, नळी आत घालणार का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

वेळही साधायला हवी. कोकणात आणि मुंबईत इपॉक्सी व रंगाचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका, तेव्हा हवा कोरडी असते. मेण मात्र मेच्या उकाड्यात मारा, उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते नीट पळतं. जूनपासून दर पंधरा दिवसांनी केबल टाय फिरवा आणि ओल्या गाडीवर कव्हर घालू नका.