एस्परांतो शिकावी की तोकी पोना?

कुणीतरी मुद्दाम रचलेली भाषा शिकायची म्हटलं की आजकाल गाडी या दोन नावांशी येऊन अडते. मी दोन्ही शिकलोय. एस्परांतो सहा वर्षं रखडत रखडत, आणि तोकी पोना दीड महिन्यात. त्यामुळे जे लिहितोय ते माझ्यापुरतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सात एस्परांतो मांडली आणि तिच्यात शेपट्या, म्हणजे प्रत्यय, लावून शब्द घडवतात, हे तुम्हाला माहीत असणारच. सोन्या लँग यांनी २००१ मध्ये मांडलेली तोकी पोना म्हणजे मूठभर शब्दांची भाषा, हेही. २०१४च्या पुस्तकात सव्वाशेच्या आत शब्द होते, २०२१च्या कोशात महत्त्वाचे म्हणून १३७ धरले. ही दुसरी यादी बोलणाऱ्यांना विचारून ठरली, हे मला फार आवडलं. एस्परांतोचा पाया, म्हणजे मूळ व्याकरण आणि शब्दांचं पुस्तक, १९०५ मध्ये जो घातला गेला, त्याला हात लावायचा नाही असा दंडक आहे. त्यामुळे तिथे नव्या माणसाला घर जुनं वाटतं. वाड्यात भाडेकरू म्हणून राहायला आल्यासारखं.

मराठी माणसाला दोन्हीकडे एक गोष्ट फुकट मिळते. 'मी' म्हणजे दोन्ही भाषांत मीच. पुढे मात्र एस्परांतो लगेच परीक्षा घेते. कर्माला 'न' लावायचा, तोही प्रत्येक वेळी. आपण 'रामाला पाहिलं' म्हणतो, पण 'पुस्तक वाचलं' असंच म्हणतो. वस्तूला प्रत्यय लावायची आपल्या जिभेला सवय नाही. त्यामुळे माणसांच्या बाबतीत माझा 'न' चुकत नाही, पण 'मी लेगास लिब्रोन' (मी पुस्तक वाचतो) मधला शेवटचा 'न' अजून गळतो. तोकी पोनात त्या जागी 'ए' हा सुटा शब्द येतो आणि तो विसरता म्हणून विसरता येत नाही. गुण द्यायचेच तर इथे तोकी पोनाला.

दुसऱ्याला गोडी लावायचं म्हणाल तर तिथेही तोकी पोनाच पुढे. एकदा डेक्कन क्वीनमध्ये भाचीला शिकवायला घेतली. कर्जत सोडताना सुरुवात केली आणि घाट चढून लोणावळा येईपर्यंत तिला पंचवीसेक शब्द येत होते. 'पोना' म्हणजे चांगलं आणि 'आला' म्हणजे नाही. मी 'पोना आला' म्हटलं की ती विचारायची, "कोण आला, मामा?" ध्वनी इतके कमी की रघूचा 'लाकू' होतो, आणि मुलांना याच गोष्टीची मजा वाटते. एस्परांतोचं नाव काढलं की मोठी माणसं आधी विचारतात, नोकरी मिळते का, त्यापेक्षा जर्मन का नाही? विनोबांनीही एस्परांतो शिकून घेतली होती, एवढं सांगितलं की आमच्या घरचे ज्येष्ठ गप्प बसतात. तरुणांवर या उत्तराचा काही परिणाम होत नाही.

एवढं सगळं असूनही माझं तोकी पोनापासून मन उडालं ते एका डायरीमुळे. सराव म्हणून मी तीन महिने रोज तीन-चार ओळी तोकी पोनात लिहीत होतो. मध्ये तापानं आठवडाभर पडलो, तेव्हाही लिहिलं. नंतर निवांत वाचायला बसलो तर एका पानावर हे: "यान ली कामा. ओना ली पाना ए मोकू तावा मी. पोना मुते." म्हणजे कुणी माणूस आलं. त्यानं मला खायला दिलं. फार छान. आता 'ओना' म्हणजे तो, ती, ते आणि अनेकवचनी 'ते'सुद्धा. 'मोकू' म्हणजे खिचडी, पेज, सफरचंद, काहीही. ताप असल्यामुळे आठवत काही नव्हतं. मराठीत नुसतं 'आली होती' लिहिलं असतं तरी निम्मा उलगडा झाला असता. आम्हाला क्रियापदाला लिंग चिकटवायची सवय, इथे तर सर्वनामातसुद्धा पत्ता नाही. शेजारच्या काकूंचे आभार मानावेत तर त्या म्हणाल्या, मी कधी आले?

एस्परांतोही अगदी निर्दोष नाही. मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या 'ओन्क्लिनो'. पण निदान बाई होती, एवढं तरी कळलं असतं.

तोकी पोनावाले यावर म्हणतील की संदर्भ लिहायला हवा होता, चार शब्द जोडून माणूस नीट सांगता येतो. खरंय. मोठ्या गोष्टीचे तुकडे करून साधं काय ते शोधायला लावणं हाच त्या भाषेचा हेतू आहे, आणि मनावर ताण असताना तसं लिहून मला बरंही वाटलंय. फक्त मला भाषेत माणसं साठवायची असतात. हा माझा दोष असेल.

दुसरीकडे, पास्पोर्ता सेर्वो. एस्परांतो बोलणाऱ्या प्रवाशाला फुकट घरी ठेवून घेणाऱ्यांची ही यादी १९७४ पासून निघते. तीत नाव दिलं आणि हंगेरीच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे दोन रात्री राहून गेल्या. सकाळी कुकर लावून मला बाहेर पडायचं होतं. त्यांना सांगितलं, "त्री फायफोय, पोस्ते मालशाल्तू." तीन शिट्ट्या, मग बंद करा. परत आलो तर भात बरोबर झालेला. तोकी पोनात तीन म्हणजे 'तू वान', दोन आणि एक. शिट्टी कशी सांगितली असती, याचा मी बराच विचार केला.

तेव्हा हाताशी महिना-दीड महिनाच असेल, किंवा चार मित्रांत पटकन काही सुरू करायचं असेल, तर तोकी पोना घ्या. मी अडवणार नाही. पुढच्या पाच-दहा वर्षांचा विचार असेल तर मात्र मला विचाराल तर एस्परांतो. 'न' अजूनही गळतो. एस्परांतोच्या गटात लिहिलं की कुणीतरी खाली मुकाट्यानं तेवढंच एक अक्षर टाकून जातं.