थेट दिल्ली की आपलं हायकोर्ट? कलम ३२ आणि कलम २२६ शेजारी शेजारी ठेवून

"वकीलसाहेब, मधे कुठं थांबायचंच नाही. थेट सुप्रीम कोर्टात टाकू."

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सेवापुस्तकाच्या झेरॉक्स आणि वसुलीचं पत्र. बारा-तेरा वर्षांपूर्वी कार्यालयानेच त्यांची वेतननिश्चिती चुकवली होती. ती चूक गुरुजी घरी बसल्यावर सापडली आणि 'जादा अदा झालेली रक्कम' ग्रॅच्युइटीतून एकदम कापून घेतली गेली. राग रास्त होता. दिल्लीचा हट्टही अगदीच चुकीचा नव्हता, कारण राज्यघटनेत तसा दरवाजा खरोखर आहे.

दरवाजे दोन आहेत. कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारला आदेश द्या अशी याचिका, करता येते, कलम २२६ खाली उच्च न्यायालयात. देहोपस्थिती (अटकेतल्या माणसाला हजर करा), महादेश (आपलं कर्तव्य करा), प्रतिषेध (खालच्या कोर्टाने थांबावं), क्वाधिकार (या पदावर कोणत्या अधिकाराने बसलात) आणि प्राकर्षण (खालचा आदेश मागवून रद्द करणं) हे पाचही आदेश दोन्हीकडे निघू शकतात. म्हणून माणसाला वाटतं की मोठ्या दुकानात जावं, माल तोच आहे. पण माल तोच नाही.

कलम ३२ फक्त मूलभूत हक्कांसाठी आहे. कलम २२६ मूलभूत हक्कांसाठी आहेच, शिवाय 'अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी' आहे, आणि सामान्य माणसाची नव्वद टक्के भांडणं या शेवटच्या तीन शब्दांत बसतात. जमिनीचंच घ्या. मालमत्तेचा हक्क १९७९ पासून मूलभूत हक्क राहिलेला नाही. ४४व्या घटनादुरुस्तीने तो भाग तीनमधून काढून कलम ३००-अ मध्ये ठेवला. तो घटनात्मक हक्क अजून आहे, पण नुसत्या त्याच्या जोरावर कलम ३२ चालत नाही. रस्त्यासाठी भूसंपादन न करता शेत घेतलं, मोबदला दिला नाही, तर वाट हायकोर्टाची. जात पडताळणी समितीने दावा फेटाळला तर महाराष्ट्राचा २००० चा कायदाच सांगतो की समितीचा आदेश अंतिम आहे, आव्हान फक्त कलम २२६ खाली उच्च न्यायालयात. परवाना, शाळेची मान्यता, थकलेलं निवृत्तिवेतन, सगळं याच रांगेतलं.

यावर हुशार अशील म्हणतो, "कलम १४ लावा की. समानतेचा भंग." लावतोच. कलम १४ म्हणजे आमच्या धंद्यातलं मीठ, प्रत्येक याचिकेत चिमूटभर पडतंच. पण समोर बसलेल्या न्यायमूर्तींना चव कळते. हिशेबाच्या भांडणाला मूलभूत हक्काची झूल घातली म्हणून ते दिल्लीचं प्रकरण होत नाही.

दुसरा फरक समोर कोण आहे याचा. कलम ३२ साधारणपणे 'राज्य' या व्याख्येत, म्हणजे सरकार आणि सरकारी संस्थांत, बसणाऱ्यांविरुद्ध चालतं. २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की क्रिकेट मंडळ त्या अर्थाने 'राज्य' नाही, म्हणून कलम ३२ ची याचिका टिकत नाही, मात्र २२६ चा मार्ग मोकळा आहे. त्याआधी १९८९ मध्ये अहमदाबादच्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांची देणी थकवणाऱ्या खासगी ट्रस्टविरुद्धही २२६ खाली महादेश निघू शकतो, असा निकाल झाला होता, कारण काम सार्वजनिक स्वरूपाचं होतं. संस्थाचालकांशी भांडणाऱ्या शिक्षकांनी हा फरक डोक्यात पक्का ठेवावा.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो मुद्दा: शिडी.

हायकोर्टात हरलात तर वर जागा असते. कलम १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष अनुमती याचिका करता येते. अनुमती मिळेलच असं नाही, बहुतेक वेळा मिळत नाही, पण पायरी आहे. कलम ३२ खाली दिल्लीत हरलात तर अपील नाही. उरतो पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच कोर्टाला निकाल पुन्हा तपासायला सांगणं, आणि त्यानंतर २००२ पासून मिळालेली क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे चूक सुधारण्याची शेवटची विनंती. या दोन्हींतून निकाल फिरल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे थेट दिल्ली गाठणारा माणूस मधली पायरी वाचवत नाही, स्वतःच्या हाताने तोडतो.

"आधी हायकोर्ट बघू, जमलं नाही तर ३२ आहेच" हा उलटा हिशेबही चालत नाही. दर्याव विरुद्ध उत्तर प्रदेश या १९६१ च्या निकालाने ते दार लावून घेतलं. हायकोर्टाने गुणावगुणांवर याचिका फेटाळली असेल तर तोच विषय घेऊन कलम ३२ खाली जाता येत नाही, अपिलाच्या वाटेनेच जायचं. उशीर झाला किंवा दुसरा उपाय उपलब्ध होता एवढ्याच कारणाने फेटाळली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून हायकोर्टाच्या आदेशात नेमके कोणते शब्द पडले, हे घरी जाण्याआधी वाचा. "फेटाळली" एवढ्यावर समाधान मानू नका.

कागदावर एक गोष्ट मात्र दिल्लीच्या बाजूची आहे. कलम ३२ स्वतःच मूलभूत हक्क आहे. ९ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी याच तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं. हक्क म्हटल्यावर न्यायालयाने ऐकायलाच हवं. २२६ मात्र विवेकाधीन. "कायद्यात अपील आहे ना, तिकडे जा" असं हायकोर्ट सांगू शकतं. त्यालाही अपवाद आहेत आणि ते १९९८ च्या व्हर्लपूल निकालात एकत्र सापडतात: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्याय डावलणं, अधिकार नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान.

प्रत्यक्षात चित्र उलटं दिसतं. १९८७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका दिल्लीकर याचिकाकर्त्याला सांगितलं की आधी हायकोर्टात जा, तिथली व्याप्ती जास्त आहे आणि इथे प्रलंबित प्रकरणांचा ढीग आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने, केरळच्या एका पत्रकाराच्या अटकेचं प्रकरण समोर असताना, कलम ३२ च्या याचिकांना परावृत्त करण्याचा आपला प्रयत्न असल्याचं बोलून दाखवलं. ज्याला घटनेचा आत्मा म्हटलं त्याच्या दारात "पुढच्या दारी जा" ही पाटी मला खटकते. पण अशिलाला मी पाटी दाखवली नाही तर ती माझी चूक. दोन-तीन महिने घालवून, खर्च करून दिल्लीला जायचं, आणि दोन मिनिटांत "हायकोर्टात जाण्याची मुभा ठेवून मागे घेतली" अशी एक ओळ घेऊन परतायचं, हे मी अनेकांचं पाहिलं आहे. निदान ती 'मुभा' तरी आदेशात लिहून घ्या.

खर्चाचं बोलू. सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करायला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे त्या न्यायालयात नोंदलेला वकील, लागतो. स्वतः उभं राहून लढणाऱ्यालाच तेवढी सूट. म्हणजे तुमचा गावचा वकील, दिल्लीतला ऑन रेकॉर्ड वकील, आणि युक्तिवादाला ज्येष्ठ वकील हवा असेल तर त्यांची फी. हायकोर्टात एक वकील हे सगळं करू शकतो. कागदपत्रांचं इंग्रजी भाषांतर दोन्हीकडे लागतं. फरक असा की 'वरिष्ठ वेतनश्रेणी', 'फेरफार', 'पोटहिस्सा' हे शब्द मुंबई-नागपूरच्या कोर्टरूममध्ये बहुधा समजावून सांगावे लागत नाहीत.

अंतर तर मोठीच गोष्ट. मुंबई उच्च न्यायालय मुंबईत आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत, गोव्याचं पर्वरीला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची मुंबईवारी टळली. तातडीचं काम असेल तर प्रीसिपी (लेखी विनंती) द्यायची, सर्क्युलेशन (लवकर सुनावणीला लावणं) मागायचं, बोर्डावर (दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) नंबर लागला का ते आदल्या संध्याकाळी बघायचं. ही धावपळ जवळच्या गावात जमते. दिल्लीतून ती फोनवर करावी लागते आणि फोन उचलला जाईलच असं नाही.

"पण आमचा वाद तर दिल्लीतल्या केंद्रीय कार्यालयाशी आहे." चालेल. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीपर्यंत ही खरी अडचण होती. कार्यालय जिथे, तिथल्याच हायकोर्टात जावं लागे. १९५३ मध्ये मद्रास हायकोर्टाचा निवडणूक आयोगाविरुद्धचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द केला होता. आता वादाचं कारण अंशतः तरी इथे घडलं असेल तर इथल्या हायकोर्टाला केंद्रालाही आदेश देता येतो.

मग दिल्ली कधी? एकाच भाषणावरून किंवा कार्यक्रमावरून पाच राज्यांत गुन्हे दाखल झाले असतील, तर पाच हायकोर्टांत धावणं माणसाला शक्य नाही. २०२० मध्ये अर्णब गोस्वामी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांतले त्याच मजकुराचे गुन्हे रद्द करून एकाच ठिकाणचा तपास ठेवला, तो याच प्रकारचा प्रसंग. केंद्रीय कायद्याला आव्हान असेल आणि तोच प्रश्न आधीच सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असेल, तेव्हाही थेट जाण्यात अर्थ आहे. तिसरी गोष्ट, ज्यांना कुठल्याच कोर्टाचा जिना चढता येत नाही अशांची. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं आणि १९८३ मध्ये त्यावर निर्देश दिले.

मुंबईच्या पदपथवासीयांचं ऑल्गा टेलिस प्रकरणही कलम ३२ खालचंच. त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९८१ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी आधी मुंबई हायकोर्टात कबूल केलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. पालिकेने दिल्लीत ती कबुली पुढे केली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मूलभूत हक्क असा कबुलीने सोडून देता येत नाही. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे १९८५ मध्ये तिथेच ठरलं. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत, पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली एवढंच.

"मोठं कोर्ट म्हणजे मोठं धैर्य" असं ज्यांना वाटतं त्यांना मी १९७६ ची आठवण देतो. आणीबाणीत स्थानबद्धांच्या देहोपस्थिती याचिका ऐकता येतात असं नागपूर खंडपीठासह अनेक हायकोर्टांनी म्हटलं. जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळं उलटवलं. ती चूक २०१७ मध्ये अधिकृतपणे पुसली गेली.

कधी कधी दोन्ही दरवाजे चुकीचे असतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने आधी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायचं, तेही साधारण एका वर्षाच्या आत. मॅटच्या निकालावर मग हायकोर्ट. निवडणूक सुरू झाल्यावर अर्ज बाद झाला तर निवडणूक याचिकेपर्यंत थांबा. दिवाणी कोर्टाच्या आदेशावर रिट नाही, फार तर कलम २२७, म्हणजे खालच्या कोर्टांवर देखरेख करण्याचा हायकोर्टाचा अधिकार. बांधाचा वाद असेल, साक्षी-पुरावे लागणार असतील, तर दिवाणी दावाच करा.

गुरुजी जिल्हा परिषदेचे, म्हणजे मॅटच्या बाहेर. त्यांना मी विचारलं, वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम परत करीन' असं हमीपत्र लिहून दिलं होतं का? हे महत्त्वाचं, कारण २०१६ च्या एका निकालात तशा हमीपत्रावर वसुली टिकली आहे. पिशवी पुन्हा उपसली. हमीपत्र नव्हतं. मग त्यांच्यापुढे रफिक मसीहचा निकाल ठेवला: वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, पाच वर्षांहून जुन्या जादा रकमेची वसुली करता येणार नाही. डिसेंबर २०१४, सर्वोच्च न्यायालय.

"म्हणजे दिल्लीचाच निकाल की," गुरुजी म्हणाले.

दिल्लीचाच, पण चंदीगडच्या हायकोर्टातून वर गेलेल्या प्रकरणांतला. आणि कलम १४१ मुळे तो कोल्हापुरातही तितकाच बंधनकारक. जो कायदा हवा होता तो आणायला दिल्लीला जायची गरजच नव्हती.

याचिका कोल्हापुरात दाखल झाली. पहिल्या तारखेला नोटीस निघाली, सरकारी वकिलांनी सूचना घ्यायला वेळ मागितला, तीन आठवडे मिळाले. गुरुजी सकाळच्या एसटीने आले होते. आदेश ऐकून बाहेर आल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि संध्याकाळची साताऱ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.