छावणीतला संडास: खड्डा खणायचा की डबा बदलायचा?

निर्वासितांच्या छावणीत दवाखान्याआधी संडासाचा निर्णय घ्यावा लागतो. १९९४ मध्ये रवांडातून लाखो माणसं शेजारच्या झाईरमध्ये (आताच्या काँगोत) गोमा शहराजवळ येऊन पडली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, खड्डे खणताच येईनात. पहिल्याच महिन्यात सुमारे ५०,००० माणसं दगावली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने.

नवी छावणी आखणाऱ्यापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात. एक खड्ड्याचा संडास: भरला की उपसायचा किंवा बुजवून दुसरा खणायचा. दुसरा चक्रीय रचनेचा: मैला बंद डब्यात साठतो, डबे ठरल्या दिवशी बदलले जातात आणि मैल्याचं खत किंवा जळण होतं.

घाईच्या वेळी खड्डाच बरा, यात मला शंका नाही. तो मजूर आणि फावड्यांवर उभा राहतो. स्फिअर मानकांनुसार, म्हणजे मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांनुसार, सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास चालवून घेतात, पुढे २० माणसांमागे एक लागतो. पण खड्ड्याचा तळ भूजलापासून किमान दीड मीटर वर हवा. पाणी वर असलेल्या किंवा पुराच्या जागी हे जमत नाही, आणि मग विहिरीचं पाणीच रोग पसरवतं.

डब्याच्या संडासाला खणावंच लागत नाही, त्यामुळे तो खडकावरही बसतो. तो घराच्या आत ठेवता येतो. रात्री अंधारात सार्वजनिक संडासापर्यंत जायला घाबरणाऱ्या बाईसाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे. हैतीत २०१० च्या भूकंपानंतरच्या वस्त्यांमध्ये अशा मैल्याचं कंपोस्ट केलं गेलं. केनियातल्या काकुमा छावणीत मैल्यापासून जळणाच्या कांड्या करण्याचा प्रयोग झाला. सरपणासाठी बाहेर पडणाऱ्या बायकांवर हल्ले होतात, त्यामुळे छावणीतच तयार होणारं जळण हा आरोग्याचाही मुद्दा ठरतो.

खरी गोम प्रक्रियेत आहे. जंताची अंडी फार चिवट असतात, मातीत महिनोन्‌महिने तग धरतात. कंपोस्टचा ढीग आठवडाभर ५० अंशांच्या वर तापलाच पाहिजे, आणि तो कडेनेही तापला पाहिजे, म्हणून उलटापालट करावी लागते. रोज थर्मामीटर खुपसून वहीत आकडा लिहिणारा माणूस नसेल तर ते खत शेतात टाकू नये. डबे उचलणाऱ्यांना हातमोजे, बूट, लसी आणि नियमित पगार हवाच. त्यांचं काम एक आठवडा थांबलं तर डबे ओसंडतात, तर खड्डा निदान थोडा काळ कळ काढतो.

मधला मार्गही आहे. बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात रोहिंग्या छावण्यांसाठी २०१९ मध्ये मैलागाळावर प्रक्रिया करणारं केंद्र उभं राहिलं. त्याची क्षमता सुमारे दीड लाख माणसांची. तिथे संडास नेहमीचेच राहतात, उपसलेला गाळ मात्र वाऱ्यावर सोडला जात नाही. दाट वस्तीत, जागा थोडी असताना मला हाच पर्याय सर्वांत भरवशाचा वाटतो.

तेव्हा आधी जमीन तपासा. खडक किंवा वर आलेलं पाणी असेल तर डबा. जमीन खोल आणि कोरडी असेल तर खड्डा, पण तो बाहेरून उपसता येईल असाच बांधा. आणि देणगीदार फक्त बांधकामाचे पैसे देत असेल, उचलणाऱ्यांच्या पगाराचे नाही, तर डब्याचा पर्याय स्वीकारू नका.