जाहिरातवाला ई-रीडर आणि जाहिरातवाला टॅब्लेट : आठ महिन्यांनंतर

दिवाळीत दादा अमेरिकेहून आला तेव्हा माझ्यासाठी किंडल, म्हणजे अमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊन आला, जाहिरातवालं. त्याच सुमारास बाबांसाठी इथेच पुण्यात सेलमध्ये एक स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेट घेतला. त्यातही जाहिराती असणार हे घेताना कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही आठ महिने घरात वापरात आहेत. "जाहिरातींचा त्रास होतो का गं?" असं ऑफिसात दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी किंडलबद्दल. स्वस्तात द्यायचं आणि त्या बदल्यात जाहिराती दाखवायच्या, ही पद्धत अमेझॉनने 2011 साली अमेरिकेत सुरू केली. 139 डॉलरचं किंडल तेव्हा जाहिरातींसकट 114 डॉलरला मिळायचं. नंतर हा फरक 20 डॉलरवर आला. तेवढे पैसे पुढे कधीही भरले की जाहिराती बंद होतात. माझं किंडल दादाच्याच अकाउंटवर आहे, त्यामुळे त्याला सांगून मला ते कधीही करता आलं असतं. मी केलं नाही.

कारण एकच, वाचताना जाहिरात येत नाही. पानावर नाही, दोन प्रकरणांच्या मध्ये नाही, शब्दाचा अर्थ बघतानाही नाही. ती दिसते यंत्र झोपलेलं असताना, आणि पुस्तकांच्या यादीच्या खाली एका पट्टीत. किंडलच्या ई-इंकच्या, म्हणजे कागदावरच्या शाईसारखं दिसणाऱ्या, पडद्यावर एकदा उमटलेलं चित्र विजेशिवाय तसंच राहतं, त्यामुळे ती रात्रभर टेबलावर दिसत राहिली तरी त्यात बॅटरी जात नाही. हलत नाही, चमकत नाही, आवाज नाही. मी वनाजला मेट्रोत बसते, बटण दाबते, एकदा बोट सरकवते की काल सोडलेलं पान समोर. बिनजाहिरातीच्या यंत्रात ते एकदा बोट सरकवणंही वाचतं, एवढाच काय तो फरक. रामवाडी येईपर्यंत एक प्रकरण निवांत होतं.

एका गोष्टीची हळहळ मात्र आहे. जाहिराती नसलेल्या किंडलवर, यंत्र बंद असताना आपण वाचत असलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ ठेवता येतं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळत लहानाची मोठी झालेली मी, मला मुखपृष्ठाचं फार आहे. त्या जागी कुठल्यातरी इंग्रजी प्रेमकथेवरचं मिठी मारलेलं जोडपं दिसतं. मेट्रोत शेजारी कुणी ज्येष्ठ बाई बसल्या असल्या की मी यंत्र पालथं ठेवते. लहान मुलाच्या हातात द्यायचं असेल तर मी 20 डॉलर भरायलाच सांगेन. स्वतःसाठी घेत असाल तर पैसे वाचवा, ते पुस्तकांना लागतील.

टॅब्लेटचं मात्र तसं नाही, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले.

बाबा 76 वर्षांचे. सकाळी ई-पेपर, दुपारी अभंग, संध्याकाळी नातवाशी व्हिडिओ कॉल, एवढाच त्यांचा वापर. या टॅब्लेटच्या लॉकस्क्रीनवर रोज नवं चित्र यायचं आणि त्यावर बोट पडलं की कुठलंतरी दुकान उघडायचं. फोटोंच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात, फाइलींच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात, वरून "ही अ‍ॅप घ्या" अशा सूचना. मला ती जाहिरात आहे हे कळतं. बाबांना वाटायचं, यंत्रच आपल्याशी बोलतंय, उत्तर द्यायला हवं.

जानेवारीत एके दिवशी पडद्यावर आलं, "मेमरी भरली आहे, लगेच साफ करा." खाली मोठं हिरवं बटण. बंद करायची फुली कोपऱ्यात, फिकट राखाडी, तिळाएवढी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ती दिसणार कशी? बाबांनी हिरवं बटण दाबलं. दोन नवी अ‍ॅप आली आणि त्यांच्या जाहिराती आणखी वेगळ्या. मी घरी आले तर ते म्हणाले, "अगं, माझ्याकडून काहीतरी बिघडलंय बहुतेक." पुढे तीन आठवडे त्यांनी टॅब्लेटला हात लावला नाही. चूक त्यांची नव्हती, हे मी कितीदा सांगितलं तरी त्यांना ते पटेना. याचा मला अजून राग आहे.

एका रविवारी बसून सगळं बंद केलं. लॉकस्क्रीनची चित्रं, प्रत्येक अ‍ॅपमधल्या शिफारशी, सूचना, सगळं वेगवेगळ्या ठिकाणी दडवलेलं. मी मोजलं, 14 ठिकाणं. एक इशारा देते : अँड्रॉइडमध्ये जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातदार आपलं यंत्र ज्यावरून ओळखतात तो क्रमांक, काढून टाकता येतो, तो जरूर काढा, पण त्याने जाहिराती थांबत नाहीत. फक्त त्या आपल्या आवडीनिवडी हेरून येत नाहीत. मी आधी तेवढंच करून निर्धास्त झाले होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी टॅब्लेट घेणार असाल तर दुकानात तो सुरू करायला लावा, लॉकस्क्रीन बघा, फोटोंचं अ‍ॅप उघडा. तिथेच जाहिरात दिसली तर दोन-तीन हजार जास्त घालून दुसरा घ्या.

आता बाबा पुन्हा ई-पेपर वाचतात. उघडण्याआधी मला हाक मारून विचारतात, "आता काही विचारत नाही ना हे?" गेल्या महिन्यात अपडेट आलं तेव्हा 14 पैकी दोन ठिकाणं आपोआप पुन्हा चालू झाली होती. आता दर अपडेटनंतर टॅब्लेट आधी माझ्या हातात येतो, मग त्यांच्या.